घर घेण्यापूर्वी घराची परीक्षा

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्या काळी ती रूढ झाली त्या काळी माणूस घर खरोखरच बांधीत असे. पाया खणताना तो काठावर उभा असे, चुना मळला जाताना पाहत असे आणि गवंडी-सुतारांशी रोज हुज्जत घालीत असे. आपल्या घरात काय आहे आणि काय नाही, हे त्याला निराळे शोधून काढावे लागत नसे. आज नवी मुंबईत राहणाऱ्या आपणांपैकी स्वतः घर बांधलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही निघतील की नाही याची शंका आहे. आपण घर विकत घेतो. ते दुसऱ्याने बांधलेले, तिसऱ्याने वापरलेले आणि विकण्यापूर्वी घाईघाईने रंगवलेले असते. म्हणीतला ‘बांधून’ हा शब्द काळाच्या ओघात गेला, त्याला इलाज नाही. परंतु त्याबरोबर ‘पाहावे’ हा शब्दही आपण सोडून दिला आहे, आणि त्याला मात्र इलाज आहे. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

वस्तू पारखून घेण्यात आपण मागे आहोत असे कोणी म्हणणार नाही. मडके घेताना आपण टिचकी मारून त्याचा आवाज ऐकतो. वाशीच्या फळबाजारात आंब्याची पेटी घेताना तळचा थर वर काढून पाहतो. जुनी मोटार घेताना ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो. पण जी वस्तू घेण्यासाठी आयुष्यातील वीस वर्षांची कमाई गहाण पडते, ती घेताना आपण काय पाहतो? स्टेशन किती मिनिटांवर आहे, पाणी किती वेळ येते, खिडकीतून काय दिसते आणि स्वयंपाकघराचा ओटा कसा आहे. अधिक सावध असलो तर वकिलाकडून कागदपत्रे तपासून घेतो. घराच्या शरीराकडे, म्हणजे त्याच्या कॉलम-बीमकडे, स्लॅबकडे आणि गच्चीकडे कोणीच पाहत नाही.

दुसऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी आम्ही आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही नवी मुंबईतील एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे घर घेतले. व्यवहार मार्गशीर्षात झाला. हवा कोरडी होती आणि भिंती नुकत्याच पांढऱ्याशुभ्र केलेल्या होत्या. वकिलांनी कागद पाहण्यास तीन आठवडे घेतले. आम्ही घर पाहण्यास तीन फेऱ्यांत मिळून अर्धा तास घेतला. न्हाणीघरापुढच्या बोळात शोभिवंत फॉल्स सीलिंग होते, त्याचे घरच्या मंडळींनी कौतुकही केले. आषाढात ते ठिबकू लागले. उघडून पाहतो तो वरच्या स्लॅबच्या सळया उघड्या पडलेल्या, आणि हात लावावा तर त्यांचे पापुद्रे निघत होते. पुढे सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांत असे आढळले की, पाच वर्षांपूर्वीच एका अभियंत्याने दुरुस्ती सुचवली होती आणि वर्गणीच्या वादात ती राहून गेली होती. आम्हांस घर विकणारे गृहस्थ त्या सभेला हजर होते. ते आमच्याशी खोटे बोलले काय? नाही. आम्ही त्यांना काही विचारलेच नव्हते.

हे असे का होते हे समजण्यासाठी काँक्रीट म्हणजे काय हे थोडे पाहिले पाहिजे. काँक्रीट दाबाला फार खंबीर असते, पण ताणाला दुबळे असते. म्हणून ताण सोसण्यासाठी त्यात लोखंडी सळया घालतात. आता लोखंड पाण्याने गंजते हे आपण सर्व जाणतो. मग ओल्या काँक्रीटमध्ये घातलेली सळई पहिल्याच वर्षी का गंजत नाही? याचे कारण असे की, सिमेंट पाण्यात कालवल्यावर त्यात चुन्याचा क्षार तयार होतो आणि काँक्रीट अतिशय अल्कधर्मी बनते. त्या वातावरणात सळईवर एक अदृश्य, अतिसूक्ष्म पापुद्रा जमतो आणि तोच तिचे गंजापासून रक्षण करतो. हे कवच जोवर टिकते तोवर सळई सुरक्षित असते.

हे कवच दोन शत्रू मोडतात. पहिला शत्रू हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू. तो काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतो आणि त्याची अल्कता मारीत जातो. ही आगेकूच काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते, असा साधारण नियम आहे. म्हणजे सळईवर काँक्रीटचा थर दुप्पट जाडीचा असेल तर वायूला तिच्यापर्यंत पोचण्यास दुप्पट नव्हे, तर चौपट काळ लागतो. वीस वर्षांचे संरक्षण ऐंशी वर्षांचे होते ते केवळ बोटभर जास्त थरामुळे! दुसरा शत्रू मीठ. खाऱ्या वाऱ्यातून, खाऱ्या पाण्यातून किंवा न धुतलेल्या खाडीच्या रेतीतून आलेले क्लोराइड, अल्कता शाबूत असतानाही त्या पापुद्र्याला भोके पाडते.

एकदा कवच मोडले की, पुढचे काम ओल आणि हवा करतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या प्रकाराप्रमाणे ही वाढ दुपटीपासून सहापटीपर्यंत असते. ही फुगणारी सळई आतून काँक्रीटला रेटते, सळईच्या रेषेत भेग पडते, भेगेतून आणखी पाणी शिरते, आणखी गंज चढतो आणि अखेर पोपडा सुटून खाली येतो. म्हणजे छताचा पोपडा पडला तो रोगाचा आरंभ नव्हे. रोग पुष्कळ आधीच आत सुरू झालेला असतो. त्या जागी प्लॅस्टर मारून रंग देणे म्हणजे तापलेल्या माणसाच्या कपाळावर गंध लावून तो बरा झाला असे समजणे होय.

आता हे सर्व नवी मुंबईला किती लागू पडते ते पाहू. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल खुला झाला आणि वाशीत वस्ती वाढू लागली. शहर आधी कागदावर आखले गेले आणि मग उभे राहिले, याचा आम्हां रहिवाशांस सार्थ अभिमान आहे. परंतु रस्ते नियोजित असले म्हणजे इमारतीही निर्दोष असतात असा एक समज या अभिमानाबरोबर नकळत येतो, तो मात्र खरा नव्हे.

हे शहर खाडीच्या काठावर आहे. त्याचा बराच सखल भाग दलदलीवर भराव घालून तयार केलेला आहे. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. बाकीचे आठ महिने दमट खारी हवा असते. लोखंडाला गंजण्यास याहून सोयीची जागा किनारा सोडून दुसरीकडे मिळणे कठीण. त्यात पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत घरे झपाट्याने बांधली गेली, आणि ती त्या काळच्या मानकांप्रमाणे. काँक्रीटच्या बांधकामाचे भारतीय मानक ४५६ हे आहे. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीत साधारण स्लॅबच्या सळईवर किमान १५ मिलिमीटर थर पुरेसा मानला होता आणि प्रबलित कामास एम-१५ प्रतीचे काँक्रीट चालत असे. २००० च्या आवृत्तीने ती प्रत किमान एम-२० केली, आणि किनाऱ्याच्या वातावरणास उघड्या पडणाऱ्या कामास ४५ मिलिमीटर थर सांगितला. वर सांगितलेला वर्गमुळाचा नियम लक्षात घेतला म्हणजे या दोन आकड्यांतील अंतर किती वर्षांचे आहे ते कळेल.

याचा अनुभव वाशीकरांनी घेतला आहे. सिडकोने बांधलेल्या जे.एन.-१ आणि जे.एन.-२ प्रकारच्या घरांत छताचे तुकडे पडण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. अखेर २०१५ साली अशा मोडकळीस आलेल्या इमारतींच्या पुनर्विकासासाठी शासनाने अडीच चटईक्षेत्र निर्देशांक मंजूर केला. नवी मुंबई महानगरपालिका दर वर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तिची संख्या पाचशेच्या घरात असते. ही यादी चार वर्गांत असते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करावयाची. सी-२-अ म्हणजे रिकामी करून संरचनेची दुरुस्ती करावयाची. सी-२-ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येण्यासारखी. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. घर घेण्यापूर्वी ही यादी पाहण्यास एक पैसाही लागत नाही.

पण यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की जुने टाळावे आणि नवे घ्यावे, म्हणजे झाले. तसे नाही. २७ जुलै २०२४ च्या पहाटे बेलापूरच्या शहाबाज गावात एक निवासी इमारत कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तडे जात असल्याचे वेळीच लक्षात आल्याने बहुतेक रहिवासी बाहेर पडले म्हणून बचावले. ती इमारत फार तर दहाएक वर्षांची होती. ११ जून २०२२ रोजी नेरुळच्या सेक्टर १७ मध्ये सहाव्या मजल्यावरचा स्लॅब खालच्या मजल्यावर, तो त्याखालच्या मजल्यावर, असे करीत थेट तळापर्यंत आला आणि एका माणसाचा बळी गेला. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी सतरा माणसे दगावली; तेथे तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते आणि त्यात इमारतीच्या आधारालाच धक्का लावल्याचा आरोप झाला. या घटनांचा अर्थ नीट पाहा. वरच्या मजल्यावरील माणसांचे घर व्यवस्थित असेल, स्वच्छ असेल, नवे रंगवलेलेही असेल. त्यांचा जीव मात्र दुसऱ्याच्या मजल्यावर अवलंबून होता.

आमच्या मते या विषयातील मुख्य मुद्दा हाच आहे. सदनिका घेणारा माणूस चार भिंती विकत घेत नाही. तो एका इमारतीत भागीदार होतो. कॉलम तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकच असतो. तुमचे छत हीच वरच्याची जमीन असते. गच्ची, पाण्याची टाकी, सांडपाण्याचे नळ हे सर्वांचे असते आणि त्यांचा खर्चही सर्वांवर पडतो. म्हणून परीक्षा करावयाची ती केवळ घराची नव्हे, तर इमारतीची. एखाद्या पेढीत भागीदार होताना जमाखर्चाच्या वह्या पाहिल्यावाचून कोणी पैसे टाकीत नाही. मग येथेच आपण डोळे का मिटावेत?

ही परीक्षा तीन पायऱ्यांनी करावी.

पहिली पायरी आपल्या डोळ्यांची. तिला शास्त्र लागत नाही, वेळ लागतो. घर दिवसा पाहावे, आणि शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा पाहावे. खोलीत शिरण्यापूर्वी गच्चीवर जावे. तेथे पाणी साचल्याचे डाग, कोब्याला गेलेल्या भेगा, कठड्यात उगवलेली पिंपळाची रोपे आणि टाकीच्या बुडाला लोंबणारे पांढरे क्षार दिसतात का पाहावे. मग जिन्याने खाली यावे, लिफ्टने नव्हे. जिन्याचा स्लॅब सहसा कोणी रंगवीत नाही, त्यामुळे इमारतीची खरी प्रकृती तोच सांगतो. बाहेरून छज्जे आणि डक्ट पाहावे. कॉलमवर उभी भेग सळईच्या रेषेत गेली असेल आणि तिच्या कडेला तांबूस डाग असेल, तर ती केवळ प्लॅस्टरची भेग नव्हे असे समजावे. प्लॅस्टरच्या केसासारख्या वेड्यावाकड्या रेघांनी मात्र घाबरून जाऊ नये. खाली आल्यावर इमारतीच्या जोत्याभोवती फिरावे. भरावाच्या जमिनीवर अंगणातली फरशी खचलेली पुष्कळदा दिसते, कारण इमारत खोल पायावर उभी असते आणि अंगण भरावावर. अशी फट दिसली म्हणजे इमारत पडणार असे नव्हे. परंतु तळमजल्याच्या फरशीखाली पोकळी आहे काय आणि सांडपाण्याचे नळ तुटले आहेत काय, हे विचारलेच पाहिजे.

घरात आल्यावर, ज्या ठिकाणी शोभा अधिक तेथे नजर अधिक ठेवावी. फॉल्स सीलिंग असेल तर त्याची एक फळी काढून दाखवण्याची विनंती करावी. न्हाणीघराखालच्या छताला लाकडी दांड्याने हलकेच ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर तेथे प्लॅस्टर किंवा काँक्रीट सुटलेले आहे. मडक्याला मारलेली टिचकी ती हीच. खालच्या आणि वरच्या शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलावेत. त्यांना काही विकावयाचे नसते, म्हणून ते पुष्कळ सांगतात. एखाद्या घरात भिंत काढून दोन खोल्यांची एक केली असेल, तर ती भिंतच होती की बीम-कॉलमही तासला, याची चौकशी करावी.

दुसरी पायरी कागदांची. पण हे कागद वकिलाच्या फायलीतले नव्हेत, सोसायटीच्या कपाटातले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी करावे असे सांगितले आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५-अ तीस वर्षे झालेल्या इमारतीची अशी तपासणी बंधनकारक करते. १९९५ पूर्वी वस्तीस आलेली प्रत्येक इमारत आज ही मर्यादा ओलांडून बसली आहे. तेव्हा ऑडिटचा शेवटचा अहवाल मागावा; त्यात सुचवलेली दुरुस्ती झाली काय आणि कोणत्या साली झाली, ते पाहावे; दुरुस्ती निधीत शिल्लक किती आहे आणि नवी वर्गणी ठरली आहे काय, ते विचारावे. घेणारा अद्याप सभासद नसतो, म्हणून संस्था त्याला कागद दाखवण्यास कदाचित नाकारील. परंतु विकणारा सभासद असतो, आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क सहकार कायद्याने त्याला दिलेला आहे. म्हणून मागणी त्याच्यामार्फत आणि लेखी करावी. भोगवटा प्रमाणपत्र येथेच पाहावे. ते नाही याचा अर्थ कर आणि पाण्याच्या अडचणी एवढाच नव्हे. मंजूर आराखड्याप्रमाणे काम पुरे झाले, याची अधिकृत खूणच तेथे उरत नाही. मूळ गावठाणांच्या आसपासच्या इमारतींत घर घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी तज्ज्ञाची. पहिल्या दोन पायऱ्यांवर संशय आला, किंवा इमारत पंधरा-वीस वर्षांपलीकडची असली, तर संरचना अभियंता बरोबर न्यावा. त्याच्यापाशी काही उपकरणे असतात, ती काय सांगतात हे आपणांस ठाऊक असावे. एक उसळी हातोडा असतो. तो काँक्रीटवर दाबला असता आतील वजन आपटून परत उसळते आणि त्या उसळीवरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. पण येथे एक मेख आहे. ज्या वायूने अल्कता मारली जाते त्यानेच पृष्ठभाग अधिक कठीणही होतो, त्यामुळे आतून आजारी काँक्रीट या हातोड्याला धडधाकट वाटू शकते. केवळ याच परीक्षेवर दिलेल्या अहवालावर विसंबू नये. दुसऱ्या परीक्षेत श्राव्यातीत ध्वनी काँक्रीटमधून आरपार पाठवतात. त्याचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली असेल तर संशयास्पद, कारण आत भेगा वा पोकळ्या असतात. तिसरी परीक्षा आपण शाळेच्या प्रयोगशाळेत केलेली आहे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा द्राव शिंपडला की, जेथे अल्कता शिल्लक आहे तेथे गुलाबी रंग येतो आणि जेथे ती संपली तेथे येत नाही. बिनरंगाची पट्टी सळईपर्यंत पोचली असेल तर सळईचे कवच गेले असे समजावे. चौथी परीक्षा विद्युतदाबाची. तीत सळई आत गंजत असण्याचा संभव किती आहे याचा अंदाज येतो. या सर्व परीक्षा एकट्या घेणाऱ्याने करून घ्याव्या असे आमचे म्हणणे नाही. त्या सबंध इमारतीच्या असतात आणि संस्थेने करावयाच्या असतात. घेणाऱ्याच्या अभियंत्याने घर, गच्ची आणि तळाचे कॉलम नजरेने व ठोकून पाहावेत, संस्थेचा अहवाल वाचावा, आणि त्यातील कोणते आकडे चिंतेचे आहेत ते साध्या मराठीत सांगावे. एवढे पुष्कळ झाले.

यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की, बँकेने कर्ज दिले त्याअर्थी घर चांगलेच असणार. बँकेचा माणूस घर पाहण्यास येतो हे खरे. परंतु कर्ज बुडाले तर ते घर विकून वसूल होईल काय, एवढे त्याला पाहावयाचे असते. तो बँकेचा सल्लागार असतो, आपला नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा. मुद्रांक शुल्कापायी शेकडा सहा-सात रुपये आपण निमूटपणे देतो, दलालीही देतो. अभियंत्याची फी या दोहोंच्या मानाने किरकोळ असते. तिसरा आक्षेप असा की, इतकी चौकशी केली तर विकणारा रागावेल आणि दुसऱ्याला देईल. दलाल तर नेहमीच सांगत असतो की संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे. ज्या विकणाऱ्याच्या घराला लपवण्यासारखे काही नाही, तो अर्धा दिवस अभियंत्याला घरात येऊ देण्यास सहसा हरकत घेत नाही. हरकत घेतली तर तीही एक माहितीच समजावी.

कायदा काय म्हणतो? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याच्या ध्यानी येण्यासारखा नाही, तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. यातील ‘साधारण काळजी’ हे शब्द वाचताना आम्हांस आमचा तो अर्धा तास आठवतो. जो पाहतच नाही त्याला या कलमाचा आधार लंगडा पडतो. नवे घर विकसकाकडून घेतले असेल तर १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेत किंवा कामात दोष आढळल्यास विकसकाने तो विनामूल्य दूर केला पाहिजे. जुन्या मालकाकडून घेतलेल्या घराला मात्र असे कवच नाही. जेथे कायद्याचे संरक्षण पातळ, तेथे आपले डोळे अधिक उघडे हवेत.

दुसरीकडे ही रीत कशी आहे, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात घर घेणारा स्वतःच्या खर्चाने सर्व्हेअर नेमतो. स्कॉटलंडने १ डिसेंबर २००८ पासून त्यापुढे पाऊल टाकले. तेथे घर बाजारात ठेवण्यापूर्वी विकणाऱ्यानेच त्याच्या स्थितीचा अहवाल तयार करून ठेवावा लागतो, आणि त्यात प्रत्येक भागाला एक, दोन की तीन अशी दुरुस्तीच्या निकडीची खूण असते. आपल्याकडे सोसायटीच्या हरकत नसल्याच्या दाखल्याबरोबर ऑडिटच्या शेवटच्या अहवालाची एक प्रत जोडण्याचा ठराव एखाद्या सर्वसाधारण सभेत करण्यास काय अडचण आहे? त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

अखेर एक गोष्ट सांगितली पाहिजे. परीक्षा करावयाची ती घर नाकारण्यासाठीच, असे नाही. चाळीस वर्षांची इमारत वेळेवर दुरुस्त केलेली असेल तर ती दहा वर्षांच्या बेवारशी इमारतीपेक्षा बरी. दोष कळला म्हणजे किंमत ठरवता येते, दुरुस्तीची वर्गणी कोणी द्यावी हे करारात लिहिता येते, आणि कोठे राहू नये हेही कळते. पुनर्विकास होईल या आशेने जुने घर घेणारे आज येथे पुष्कळ आहेत. त्यांनी एवढेच विचारावे की, नवी इमारत उभी राहीपर्यंतची वर्षे आपली मुले कोणत्या छताखाली निजणार आहेत.

आमच्या बोळातले ते छत पुढे दुरुस्त झाले. गंजलेल्या सळया घासून, नव्या जोडून, संस्थेने सर्वांच्या वर्गणीतून काम केले. त्या वर्गणीत आमचाही वाटा होता, आणि घर विकून गेलेल्या गृहस्थांचा नव्हता. फॉल्स सीलिंग आम्ही पुन्हा बसवले नाही. आमच्यानंतर जो कोणी ते घर घेईल त्याला छत दिसावे, एवढाच त्यात हेतू आहे.